कानातली शिल्लक : पंडिता रमाबाईंची एक वेगळी ओळख

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या कानाचे ऑपरेशन झाले. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात ते. ताई आता अडुसष्ट वर्षांची आहे. लहानपणापासून गाणे शिकलेली. लष्करमधल्या आमच्या जुन्या घरात पहाटे तिचा तानपुरा लागला की आम्हा भावंडांना उठवावे लागत नसे. गेली दहा-बारा वर्षे मात्र तिची एक विचित्र अडचण झाली होती. तानपुऱ्याचा खर्ज तिला ऐकू यायचा, ढोलक ऐकू यायची, दारात ट्रक थांबला तर कळायचे. पण माणसांचे बोलणे समजायचे नाही. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. कानाचे मशीन लावले, तर आवाज मोठा झाला, शब्द होते तिथेच राहिले. हळूहळू ताई लग्नकार्यात कोपऱ्यात बसू लागली आणि कोणी काही म्हटले की नुसती हसून मान हलवू लागली.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सगळे समजावले. आम्ही खर्च आणि धोके विचारत होतो. त्यांनी मात्र सर्वांत जास्त वेळ एका वेगळ्याच गोष्टीवर दिला. ताईच्या कानात जे थोडेफार ऐकणे उरले आहे, ते ऑपरेशनमध्ये जाऊ द्यायचे नाही, त्यासाठी जमेल तेवढे करायचे, हे त्यांचे सांगणे होते. मला नवल वाटले. मशीन बसवायचेच आहे, तर त्या उरल्यासुरल्याची एवढी काळजी कशाला? मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. मग माझ्या भाषेतच मला उत्तर सुचले. खात्यात शिल्लक थोडी आहे म्हणून कोणी ती सोडून देत नाही. उलट थोडी असते तेव्हाच माणूस ती जास्त जपतो.

त्या दिवशी घरी परतताना मला पंडिता रमाबाई आठवल्या. रमाबाईंचे नाव आपल्यापैकी सर्वांनी ऐकले आहे. शारदा सदन, मुक्ती मिशन, विधवांचे शिक्षण, धर्मांतराचा वाद, एवढे बहुतेकांना माहीत असते. त्यांच्या प्रत्येक चरित्रात एक लहानशी नोंद असते : ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांना डॉक्टर होता आले नाही. ही ओळ मीही अनेकदा वाचली आणि पुढे गेलो. ताईच्या निमित्ताने मी तिथे थांबलो आणि ते सगळे आयुष्य पुन्हा कानाच्या बाजूने वाचले. तेच इथे सांगतो आहे.

कानाने मिळालेली विद्या

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. आपल्याला हे वर्ष लक्षात ठेवायला सोपे आहे. त्याच वर्षी जून महिन्यात राणी लक्ष्मीबाई आपल्या ग्वाल्हेरात धारातीर्थी पडल्या. त्याच्या दोन महिने आधी इकडे पश्चिम घाटातल्या गंगामूळ नावाच्या जंगलातल्या ठिकाणी, आजच्या कर्नाटकात, एका चित्पावन कुटुंबात ही मुलगी जन्मली.

वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. तरुणपणी ते पुण्याला रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकले. साठे शास्त्री पेशव्यांच्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीला संस्कृत शिकवत. बाई संस्कृत शिकू शकते हे अनंतशास्त्र्यांनी तिथे पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे ठरवले. नातेवाईक आणि गावचे ब्राह्मण रागावले. शेवटी ते पत्नी लक्ष्मीबाईंना घेऊन जंगलात राहायला गेले.

रमाबाईंना शिकवले ते आईने. घरकामाचा रामरगाडा सुरू होण्याआधी, पहाटेच्या अंधारात. आई म्हणायची, मुलगी ऐकायची आणि मागून म्हणायची. आपल्याकडे विद्या अशीच चालत आली आहे. ग्वाल्हेर घराण्याचे गाणेही गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात, असेच आले ना? बारा वर्षांच्या वयात रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक पाठ होते. ही सगळी पुंजी कानाच्या दाराने आत आली होती, हे विसरू नका.

पुढे दारिद्र्य आले. अनंतशास्त्री कुटुंब घेऊन तीर्थयात्रेला निघाले. देवळांत, घाटांवर पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर राहायचे, असे कित्येक वर्षे चालले. दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण कृष्णाबाई. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. दोघे पायी उत्तरेला निघाले. काश्मीरपर्यंत गेले आणि तिथून पूर्वेला वळून १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले.

या भटकंतीत रमाबाईंच्या कानावर कितीतरी भाषा पडल्या. मराठी घरची, कन्नड जन्मभूमीची, हिंदी रस्त्यावरची, बंगाली पुढे मिळाली. आपण बृहन्महाराष्ट्रातली माणसे घरात मराठी, बाहेर हिंदी असे दोन कान घेऊन वाढतो. रमाबाईही तशाच महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलगी होत्या. महाराष्ट्रात राहायला त्या आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या.

कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली. प्रश्न ऐकायचा आणि तिथल्या तिथे संस्कृतात उत्तर द्यायचे. वीस वर्षांच्या या मुलीला तिथे पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या.

पुणे आणि एक मागणी

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. संसार आसामातल्या सिलचरला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती.

कडेवर मुलगी घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्री धर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणारे हंटर कमिशन पुण्यात आले. रमाबाईंनी त्यापुढे मराठीत साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका तयार करा आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्या, अशी त्यांची मागणी होती. त्या काळात घरातली बाई आजारी पडली, तर परक्या पुरुषाला नाडी दाखवण्यापेक्षा ती मरण पत्करायची. रमाबाईंनी देशभर पायी फिरताना हे पाहिले होते.

मागणी करून त्या थांबल्या नाहीत. स्वतःच डॉक्टर व्हायचे त्यांनी ठरवले. पुस्तकाच्या विक्रीचे पैसे प्रवासखर्चाला लावले आणि १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या.

बंद झालेले दार

इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने इकडे मोठी खळबळ माजली. आजही आपल्यापैकी अनेकांना तो पटणार नाही. त्यावर मत देणे हा या लेखाचा विषय नाही.

आपला विषय आहे तो कान. रमाबाईंना ऐकू कमी येते हे इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या आड आले. ज्या कामासाठी सात समुद्र ओलांडले, ते दारातच थांबले. तेव्हा त्या पंचविशीत होत्या.

त्या काळाच्या दृष्टीने याचे कारण समजण्यासारखे आहे. छातीला नळी लावून हृदयाचे ठोके आणि फुप्फुसातली घरघर ऐकणे हा १८१६ पासून डॉक्टरीचा पाया झाला होता. एक्स-रे अजून यायचा होता. म्हणजे डॉक्टरचे मुख्य यंत्र त्याचा स्वतःचा कान. शिवाय सगळी व्याख्याने ऐकून शिकायची, आणि तीही परक्या भाषेत. ज्याचा कान अधू, त्याला डॉक्टर होणे जमणार नाही, असे सरळ गणित होते.

आणि ऐकणे तरी कसे मोजत? डॉक्टर कानाजवळ घड्याळ धरून त्याची टिकटिक ऐकू येते का ते बघत, कुजबुजून बघत, फार तर सुरकाटा वाजवून बघत. कोणत्या पट्टीतले आवाज गेले आणि कोणते शाबूत आहेत, असा आजच्यासारखा आलेख दवाखान्यात निघत नव्हता. उपाय म्हणून कानाला लावायचा कर्णा मिळे, तो आवाज गोळा करी, बाकी काही नाही. कमी ऐकणे ही सगळ्यांच्या लेखी एकच गोष्ट होती, बहिरेपण. किती गेले हेच बघायचे. किती उरले आहे, हा प्रश्न कोणी विचारत नसे.

रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यात मला दिसते ते हेच, की जे उरले आहे त्याचा हिशेब त्यांनी स्वतः मांडला.

उरलेल्यावर उभे राहिलेले काम

डॉक्टरी बंद झाली तशी त्यांनी शिक्षणाची वाट धरली. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये डोरोथिया बील या नामवंत शिक्षणतज्ज्ञ बाई प्राचार्य होत्या. तिथे १८८४ ते १८८६ रमाबाई स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. आईने पहाटे कानात घातलेले संस्कृत तिथे कामी आले. कान कमी झाला तरी कानाने आत आलेले कमी झाले नव्हते.

याच काळात त्यांनी भरपूर पत्रव्यवहार केला. धर्मावर, श्रद्धेवर, मनोरमेला कसे वाढवायचे यावर वाँटेजच्या भगिनींशी आणि बीलबाईंशी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. ती पत्रे पुढे जपली गेली आणि ग्रंथरूपाने छापली गेली. कागदावर दोन्ही बाजूंचे शब्द सारखेच स्पष्ट असतात. कमी ऐकणाऱ्या माणसाला पत्र किती मोलाचे, हे मला ताईमुळे कळले. फोनवर जी ताई गप्प होते, तीच व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लिहिते.

१८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होते फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाचा पदवीदान समारंभ. ११ मार्च १८८६ रोजी तिथे आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. आनंदीबाई रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. ज्या पदवीचे स्वप्न घेऊन रमाबाई देशाबाहेर पडल्या, ती पदवी आपल्याच नात्यातली, वयाने सात वर्षांनी लहान मुलगी घेताना त्या समोर बसून पाहत होत्या. मनात काय आले असेल याचा अंदाज करण्याचा अधिकार मला नाही. एवढे खरे, की त्या मुद्दाम अटलांटिक ओलांडून तिथे गेल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या.

रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. हिंदू विधवांची स्थिती सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. ते १८८७ मध्ये फिलाडेल्फियात निघाले आणि खूप खपले. गावोगाव व्याख्याने दिली. बालवाडीची, म्हणजे किंडरगार्टनची पद्धत शिकून घेतली. त्या पद्धतीत मूल नुसते ऐकून पाठ करत नाही. हाताने करते, डोळ्यांनी बघते. बॉस्टनला त्यांच्या कामाला मदत करणारी संस्था उभी राहिली.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. तारीख पाहिलीत? आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे होत होती. हा योगायोग असेल किंवा नसेल. डॉक्टर होऊन ज्या बायकांपर्यंत पोहोचायचे होते, त्यांच्यापर्यंत रमाबाई शाळेच्या वाटेने पोहोचल्या. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. महर्षी कर्व्यांच्या कामामागे शारदा सदनाचा हा धागा आहे.

सदन पुण्याला हलले. १८९३ मध्ये वाद पेटला. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, असा आरोप झाला. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम थांबवले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, म्हणजे आज आपण राहतो त्या मध्य प्रदेशाच्या दक्षिण-पूर्व भागात. स्वतः उपाशी राहून आई-वडील गमावलेल्या या बाईला दुष्काळ काय असतो हे सांगायची गरज नव्हती. तिथून शेकडो मुली आणि बायका त्यांनी पुण्याजवळ केडगावला आणल्या. तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांवर माणसे राहत होती. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळे बायकाच चालवत.

या कामात दोन गोष्टी मला विशेष वाटतात. एक, तिथे अंध मुलींसाठी वेगळा विभाग होता. मनोरमाबाई त्या मुलींना ब्रेल लिपी शिकवत. एक इंद्रिय गेले म्हणून माणूस बाद होत नाही, उरलेल्या इंद्रियांच्या वाटेने त्याला शिकवता येते, हे त्या घरात पाठ्यपुस्तकातून यावे लागले नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत ते करायचे म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वयाबरोबर बहिरेपण वाढत चालले होते. ज्या बाईने लहानपणी सगळी विद्या कानाने घेतली, तिने शेवटच्या भाषा पुस्तकातून, डोळ्यांनी घेतल्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. उजवा हात गेला. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाईंनीही देह ठेवला. भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले होते. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज काय झाले असते?

हा प्रश्न विचारल्याशिवाय मला राहवले नाही. आज विशीतली एखादी मुलगी अधू कान घेऊन डॉक्टर व्हायला निघाली तर? पहिले म्हणजे आवाज वाढवून देणारे, ठोक्यांचे चित्र पडद्यावर दाखवणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप आहेत. कमी ऐकणारे डॉक्टर जगात काम करत आहेत. दुसरे म्हणजे तिच्या कानात किती आणि कोणते ऐकणे उरले आहे याचा नेमका आलेख निघेल. आणि गरज पडली तर इम्प्लांट आहे.

ताईच्या वेळी जे समजले ते थोडक्यात सांगतो. आतला कान गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला असतो. त्यात बारीक केसांच्या पेशी असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच आवाज घेतात. आत टोकाशी असलेल्या पेशी जाड, खालचे आवाज घेतात. वयाने, गोंगाटाने, काही औषधांनी बहुधा तोंडाशी असलेल्या पेशी आधी मरतात. स, श, त, क, फ ही व्यंजने उंच आवाजांत असतात. म्हणून ताईला खर्ज ऐकू यायचा आणि शब्द कळायचे नाहीत. एकदा मेलेल्या या पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच उरलेल्यांचे मोल.

इम्प्लांटमध्ये एक बारीक तार या शंखात सरकवतात. बाहेरचे यंत्र आवाज पकडते, त्याचे विजेच्या संकेतांत रूपांतर करते, आणि तार ते संकेत थेट श्रवणाच्या नसेला देते. मेलेल्या पेशींना वळसा घालून जाणारा हा रस्ता आहे. पूर्वी ही तार घालताना उरलेल्या चांगल्या पेशीही बऱ्याचदा मरत. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ते गृहीत धरून चालत. बँकेच्या भाषेत, नवे कर्ज मिळवायला जुनी ठेव मोडावी लागे. त्यामुळे ज्यांना थोडेबहुत ऐकू येई त्यांना ऑपरेशन करावे की नाही हा पेच पडे, आणि बहुतेकदा ते थांबत.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे बदलले. जर्मनीत फ्रँकफर्टच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवले, की एकाच कानात दोन्ही गोष्टी नांदू शकतात : खालचे आवाज उरलेल्या नैसर्गिक ऐकण्यातून आणि उंच आवाज विजेच्या तारेतून. त्यासाठी तार पातळ आणि लवचिक हवी, कानातल्या नैसर्गिक गोल खिडकीतून ती अगदी सावकाश सरकवायला हवी, आणि सूज येऊ नये म्हणून स्टेरॉइड द्यावे लागते. डॉक्टरांनी आम्हाला हेही स्पष्ट सांगितले, की एवढे करूनही खात्री देता येत नाही. ऑपरेशननंतर लगेच टिकलेले ऐकणे काही महिन्यांनी उतरू शकते, कारण तारेभोवती आत व्रणासारखी गाठ धरू शकते. म्हणून तपासणी चालूच ठेवायची.

ताईचे बरेचसे टिकले. सगळे नाही. ऑपरेशननंतर जखम भरल्यावर यंत्र पहिल्यांदा सुरू केले, तेव्हा तिला सगळ्यांचे आवाज जुन्या ट्रान्झिस्टरवर स्टेशन नीट लागले नसावे तसे वाटले. ती घाबरली. आठ-दहा महिने रोज सराव केला. नात पुस्तक मोठ्याने वाचायची, ताई ओळी ऐकून म्हणायची. आता समोर बसलेल्या माणसाचे बोलणे तिला कळते. आणि रात्री यंत्र काढून ठेवल्यावरही तिला तिचा खर्ज ऐकू येतो. इलेक्ट्रिकच्या तारेने शब्द आणले, पण स्वर अजून तिच्या स्वतःच्या कानाचा आहे. गाण्याच्या माणसासाठी याचा अर्थ काय, हे ग्वाल्हेरकरांना समजावून सांगायला नको.

रमाबाईंच्या वेळी हे काहीच नव्हते. त्यांनी डॉक्टरीचे दार बंद झालेले पाहिले आणि जे उरले ते कुठे लावायचे हे ठरवले. त्यातून शारदा सदन झाले, मुक्ती झाले, हजारो बायका स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. पण म्हणून दार बंद झाले हे बरेच झाले, असे मी म्हणणार नाही. असे म्हणणे सोपे असते आणि ते त्या माणसावर अन्याय करते. १८८३ मध्ये भारताला जी डॉक्टर मिळू शकली असती, ती मिळाली नाही. तो तोटा तोटाच आहे, वहीत तसाच लिहायला हवा. आज आपल्या गजराजा वैद्यकीय महाविद्यालयातून मुली डॉक्टर होऊन बाहेर पडतात, तेव्हा १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे ही मागणी करणाऱ्या, पण स्वतः डॉक्टर होऊ न शकलेल्या रमाबाईंची आठवण ठेवावी.

शेवटी मंडळाच्या सभासदांना दोन विनंत्या. घरात कोणी आवाज ऐकते पण शब्द दोनदा विचारते, टीव्ही मोठा लावते, लग्नकार्यात कोपऱ्यात जाऊन बसते, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. कानाची तपासणी करून आलेख काढून घ्या. किती गेले हे तर विचाराच, पण किती उरले आहे आणि ते कसे टिकवायचे, हेही विचारा. नव्याने जन्मलेल्या बाळाची ऐकण्याची तपासणीही पहिल्या महिन्यातच करून घ्या. भाषा कानातूनच यायची असते आणि तिची वेळ थांबत नाही. आणि आपल्या ज्येष्ठ नागरिकांच्या वार्षिक मेळाव्यात रक्तदाब आणि साखरेबरोबर कानाच्या तपासणीचेही एक टेबल मांडता आले, तर फार बरे होईल.

दुसरी विनंती लहान आहे. झेलम किंवा गोवा एक्सप्रेसने आपण पुण्याला जातो. दौंड मागे पडले की पुण्याच्या आधी केडगावचे स्टेशन येते. खिडकीतून तो फलक दिसला, की थोडा वेळ रमाबाईंची आठवण काढा. ताई आणि मी गेल्या दिवाळीत गेलो, तेव्हा मी तिला हात लावून फलक दाखवणार होतो. पण त्याआधीच मी केडगाव म्हटलेले तिने ऐकले होते.